कबूस : मालगाडीच्या अखेरच्या डब्याची लघुप्रतिकृती

मालगाडीच्या शेवटी जोडलेला गार्डाचा डबा भारतीय वाचकाच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील मालगाड्यांच्या अखेरीसही असाच, परंतु रचनेने निराळा, एक डबा असे. त्यास ‘कबूस’ म्हणत. जहाजावरील स्वयंपाकाच्या खोलीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डच शब्दापासून हे नाव आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकापर्यंत हा डबा तेथील रेल्वेजीवनाचा अविभाज्य भाग होता. आज मुख्य मार्गांवरून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. लघुरेल्वेच्या छांदिष्टांनी मात्र तो आपल्या मेजांवर धावता ठेवला आहे.

मूळ डब्याचे कार्य

प्रतिकृती समजण्यासाठी मूळ वस्तूचे कार्य प्रथम समजले पाहिजे. कबूसमध्ये गाडीचा कंडक्टर व ब्रेक सांभाळणारा कामगार बसत. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक प्रचारात येण्यापूर्वी अशा कामगारांना डब्यांच्या छतांवरून चालत जाऊन हातचाके फिरवावी लागत. पुढे त्यांचे मुख्य काम निरीक्षणाचे झाले. आसाच्या पेटीतून धूर निघतो आहे काय, लादलेला माल सरकला आहे काय, एखादा भाग रुळावर घासत चालला आहे काय, हे त्यांना सतत पाहावे लागे. डब्यात लोखंडी शेगडी, कागदपत्रांसाठी मेज आणि निजण्यासाठी फळ्या असत. अनेक रेल्वे कंपन्यांत एक कबूस एकाच कंडक्टरकडे वर्षानुवर्षे सोपविलेला असे. त्यामुळे तो कामगारांचे दुसरे घरच बनला.

पुढे आसांना रोलर बेअरिंग आले, तापलेले आस ओळखणारी यंत्रे रुळांलगत बसविण्यात आली, आणि शेवटच्या डब्याच्या कपलरवर अडकविण्याजोगे एक लहान उपकरण तयार झाले. हे उपकरण ब्रेकनळीतील हवेचा दाब मोजून रेडिओद्वारे इंजिनास कळविते आणि मागे लाल दिवा उघडझाप करीत ठेवते. माणसांचे काम संपले, तसा त्यांचा डबाही गेला.

प्रमुख प्रकार

सर्वांत परिचित प्रकार म्हणजे छतावर काचेची टेहळणी-कोठडी असलेला कबूस. १८६३ साली शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या एका कंडक्टरने छतास पडलेल्या भोकातून डोके बाहेर काढून प्रवास केला व त्यातून ही कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. मालडबे उंच होत गेले तसे छतावरून पुढचे दिसेनासे झाले. त्यामुळे काही कंपन्यांनी डब्याच्या दोन्ही बाजूंस बाहेर आलेल्या खिडक्या बसविल्या. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे असे कबूस प्रसिद्ध आहेत. तिसऱ्या प्रकारात छतावरील कोठडीच डब्याच्या रुंदीबाहेर काढलेली असते. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा १९४२ सालचा ‘एन५सी’ कबूस जहाजाप्रमाणे वाटोळ्या खिडक्यांमुळे चटकन ओळखू येतो.

संग्रहाची दृष्टी

नवशिक्या संग्राहकाने मिळेल ते गोळा करण्यापेक्षा एखादे सूत्र ठरविणे हिताचे ठरते. कोणी एकाच रेल्वे कंपनीचे कबूस जमवितो, कोणी प्रत्येक प्रकाराचा एकेक नमुना, तर कोणी एका विशिष्ट दशकातील डबे.

खेळण्यातील गाड्यांच्या संग्राहकांत लायोनेल कंपनीचे स्थान मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या डब्यावर बेतलेले लाल कबूस फार मोठ्या संख्येने विकले. ते आजही सहज व स्वस्तात मिळतात. याउलट, १९५७ साली मुलींसाठी म्हणून तिने काढलेल्या गाडीचे इंजिन गुलाबी व कबूस आकाशी रंगाचा होता. ही गाडी त्या वेळी खपली नाही. नेमक्या त्याच कारणाने तिचे मूळ नमुने आज दुर्मिळ व मौल्यवान मानले जातात.

येथे संग्रह आणि रूपांतर यांतील विरोध स्पष्ट होतो. जुन्या नमुन्याचे मोल त्याच्या मूळ रंगात असते, आणि एकदा खरवडलेला रंग परत येत नाही. म्हणून दुर्मिळ डब्यावर ब्रश चालवू नये. त्याची धूळ मऊ कुंचल्याने काढून तो तसाच जपावा. रूपांतरासाठी विपुल मिळणारा, शक्यतो मोडका नमुना निवडावा.

रूपांतराची रीत

अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात मूळ एक फूट म्हणजे प्रतिकृतीत ३.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:८७. छत्तीस फुटांचा कबूस या हिशेबाने १२६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पाच इंच भरतो.

काम आरंभण्यापूर्वी मूळ डब्याचे साल माहीत असलेले छायाचित्र मिळवावे. एकाच क्रमांकाच्या डब्याचे रूप काळानुसार बदलत असे. कधी खिडक्या पत्र्याने बंद केल्या जात, कधी रंग व बोधचिन्ह नवे येई. साल न ठरविता केलेल्या प्रतिकृतीत दोन काळांची सरमिसळ होते.

त्यानंतर जाड साच्यातून आलेले कठडे कापून त्यांच्या जागी सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची पितळी तार बसवावी. रंगाचे थर पातळ असावेत. लहान वस्तूवर रंग अधिक गडद भासतो, म्हणून त्यात किंचित पांढरा मिसळावा. अक्षरांची पाण्याने सुटणारी चित्रे चकचकीत पृष्ठावरच नीट बसतात, म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग चित्रे आणि शेवटी मंद वार्निश हा क्रम पाळावा. मळ दाखविताना कारणाचा विचार करावा. काजळी शेगडीच्या धुरांड्याभोवती साचते, रुळांची धूळ चाकांच्या चौकटीवर बसते आणि पायऱ्यांचा रंग बुटांनी झिजतो. सर्वत्र सारखा फासलेला मळ खोटा दिसतो.

डबा हलका राहिल्यास रुळावरून घसरतो. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने या प्रमाणासाठी एक औंस अधिक लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असे वजन सुचविले आहे. पाच इंची कबूससाठी ते साडेतीन औंस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम होते. वजन तळाशी ठेवावे. आत दिवा लावावयाचा असल्यास वीज दोन्ही रुळांवरून चाकांमार्फत घेता येते. गाडीची दिशा बदलली की विजेचे ध्रुव बदलतात, त्यासाठी रेक्टिफायर बसवावा. चाकांचा स्पर्श क्षणभर तुटला तरी दिवा लुकलुकू नये, यासाठी कपॅसिटर जोडावा.

उपसंहार

दिवा लागला की खिडकीतून मेज, शेगडी व निजण्याची फळी दिसू लागते. इंजिनाच्या प्रतिकृतीत यंत्राचे सामर्थ्य दिसते, तर कबूसच्या प्रतिकृतीत माणसाच्या कामाची जागा दिसते. ते काम आता उरलेले नाही. म्हणूनच आकाराइतकीच या आतल्या मांडणीतही अचूकता असावी. मेज कोठे होते आणि कामगार कोणत्या खिडकीशी बसत होता, हे नीट शोधून बनविलेला एक डबा कपाटभर डब्यांपेक्षा अधिक सांगून जातो.