अपेक्षा नव्हती, म्हणून आवडला?

२००६ साली थोरल्या भावाने आग्रहाने ‘कॅसिनो रॉयल’ या जेम्स बॉन्डच्या सिनेमाला नेलं, तेव्हा मी नाखुशीनेच गेलो होतो. आधीच्या, म्हणजे २००२च्या ‘डाय अनदर डे’त अदृश्य होणारी मोटार आणि अजस्र लाटेवरून घसरत सुटणारा बॉन्ड पाहून मन विटलं होतं. त्यात नवा बॉन्ड डॅनिएल क्रेग, सोनेरी केसांचा. तो नको म्हणून काही चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली होती. बाहेर पडलो तो भारावून. पण हे भारावणं सिनेमाचं होतं की धास्ती टळल्याचं, या प्रश्नाने पुढे बरंच शिकवलं.

१. बाहेर पडल्या पडल्या निकाल देऊ नये. भुकेला कोंडा गोड लागतो. वाईट सिनेमाची तयारी करून गेलेल्याला बेताचाही उत्तम वाटतो. मी दोन महिन्यांनी पुन्हा पाहिला. तेव्हा अपेक्षा भरपूर होती, आणि सिनेमा तिला पुरून उरला.

२. हाणामारीतून माणूस कळतो का, ते पाहावं. सुरुवातीचा मादागास्करमधला पाठलाग आठवा. पुढे पळणारा सेबॅस्टियन फुकां हा पार्कूरमधला, म्हणजे भिंती-अडथळे ओलांडत धावण्याच्या कलेतला, खराखुरा उस्ताद. बांधकामावरच्या एका भिंतीच्या वरच्या फटीतून तो सुळकन पलीकडे जातो. मागून येणारा बॉन्ड उडी मारत नाही, ती पातळ भिंतच अंगाने फोडून आरपार जातो. कपड्यांवर पांढरी धूळ, आणि पाय थांबलेले नाहीत. एकही संवाद नसताना कळतं की या माणसात ताकद आहे, जिद्द आहे, पण सबुरी नाही. हीच घाई पुढे पोकरच्या टेबलावर त्याला एक कोटी डॉलरला पडते. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलने पाठलागात पेरलेलं तिथे उगवतं. याउलट बॉन्डच्या ॲस्टन मार्टिन मोटारीच्या सात कोलांट्या. त्यांची गिनीज बुकात नोंद झाली, श्वासही रोखला जातो, पण फोडलेल्या भिंतीइतक्या त्या माझ्या मनात राहिल्या नाहीत.

३. मारामारी संपल्यावर कॅमेरा कुठे थांबतो? जिन्यातल्या झटापटीत दोन माणसं मरतात. नंतर बॉन्डसोबत असलेली व्हेस्पर (ईवा ग्रीन) अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली सापडते. हातावरचं रक्त जात नाही असं तिला वाटतंय. बॉन्ड शेजारी बसतो, पाणी थोडं गरम करतो. इतकंच. हेरपटात मेलेल्या माणसाचं ओझं कुणी वाहताना मी क्वचितच पाहिलंय.

४. आवडलेल्या सिनेमाचे दोष झाकू नयेत. पोकरच्या शेवटच्या डावात चौघांच्याही हातात एकापेक्षा एक जबर पानं येतात. दिवाळीत तीन पत्ती खेळणारा माणूसही मान हलवेल. शेवटी व्हेनिसमध्ये घडणारा भागही लांबला आहे.

५. उलटी परीक्षाही घ्यावी. २००८च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’ला मी मोठ्या आशेने गेलो आणि हिरमुसून परतलो. आशा जास्त होती म्हणून असेल, असं समजून काही वर्षांनी शांतपणे पुन्हा पाहिला. तरीही सुरुवातीच्या मोटारींच्या पाठलागात दृश्यांची इतकी काटछाट, की कोण कुणाच्या मागे आहे हेच धड दिसत नाही. तिथे चूक माझ्या अपेक्षेची नव्हती.

म्हणून कुणी ‘अपेक्षेपेक्षा बरा निघाला’ म्हणालं की मी विचारतो, पुन्हा पाहशील का? ‘कॅसिनो रॉयल’ १४४ मिनिटांचा आहे. व्हेनिसची लांबण धरूनही मी तो आजही शेवटपर्यंत पाहतो. तुम्ही एकदाच पाहिला असेल, तर पुन्हा पाहा.