कांद्यातील स्फुरदाचा माग

आळेफाट्याच्या बाजारात येणाऱ्या कांद्याच्या प्रत्येक पेशीत स्फुरद हे मूलद्रव्य असते. त्याच्या अणुकेंद्रात १५ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र नेहमीच्या अणूत १६, तर स्फुरद-३२ या किरणोत्सर्गी समस्थानिकात १७. वजन निराळे, पण रासायनिक गुणधर्म तेच. म्हणून मुळे दोन्ही सारखीच शोषतात. खतात स्फुरद-३२ मिसळल्यास किरणमापक यंत्राने त्याचा माग काढता येतो. सुमारे १४ दिवसांत त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. अशा प्रयोगांतून दिसून आले की, स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही. कांद्याची मुळे तर उथळ. तेव्हा शेतकरी बंधूंनी माती-परीक्षणानुसार स्फुरदाची संपूर्ण मात्रा लागवडीपूर्वीच मुळांच्या थरात मिसळावी. उभ्या पिकात वरून टाकलेले स्फुरद बहुतांशी वरच राहते व पैसा वाया जातो.