लोहगडावरील जुन्या वस्तू आणि छायाचित्र-नोंद

जांबे व आसपासच्या शाळांना लोहगडाची सहल एका दिवसात करता येते. सहलीहून परतताना मुलांजवळ छायाचित्रे पुष्कळ असतात. परंतु त्यांत मुलेच असतात, तोफ नसते. असलीच तर तिच्यावर कोणीतरी बसलेले असते. अशा चित्रावरून वर्गात काहीही शिकविता येत नाही.

लोहगड हा देश व कोकण यांच्या सीमेवरील गड होय. बोरघाटाने वर येणाऱ्या वाटेवर त्याची नजर असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी परत घेतला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पेशवाईत नाना फडणीसांनी येथे बरेच बांधकाम केले; सोळा कोनांचे तळे त्यांचेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत लोहगड आहे.

गडावर दर्ग्यानजीक एक तोफ सिमेंटच्या चौथऱ्यात बसविलेली आहे. येथेच शिक्षकाने मुलांस थांबवावे. तोफ जुनी, चौथरा नवा. तोफेचा मूळ गाडा आता नाही. तेव्हा आज तिचे तोंड ज्या दिशेस आहे, त्याच दिशेस ती पूर्वी डागली जात असे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण त्याखाली ही एक ओळ लिहिली नाही, तर पाहणाऱ्याची फसगत होते. जीर्णोद्धार झालेल्या प्रत्येक वास्तूत जुने कोणते व नवे कोणते हे वेगळे नोंदविणे, हाच या पाठाचा गाभा होय.

तोफेची चित्रे निदान चार घ्यावीत : संपूर्ण बाजू, तोंड, मागील भाग आणि बत्ती देण्याचे छिद्र. मोबाइल अगदी जवळ धरल्यास तोंड अवाढव्य व मागचा भाग किडकिडीत दिसतो; म्हणून चार-पाच पावले मागे सरून चित्र घ्यावे. वस्तूशेजारी वर्गातील फूटपट्टी ठेवावी. पट्टी नसलेल्या चित्रात तोफ हातभर की पुरुषभर, हे कळत नाही.

जवळच चुन्याची घाणी आहे. वर्तुळाकार दगडी चरातून जड दगडी चाक बैलांकडून फिरवून चुना मळीत. मुले तिच्याकडे क्वचितच वळतात. वस्तुतः तटबंदीचे बांधकाम कसे झाले याचे उत्तर तोफेपेक्षा तीच अधिक देते. घाणीचे चित्र उंचावरून घ्यावे, म्हणजे चराचे वर्तुळ पुरते दिसेल.

कोरीव लेखासाठी सकाळचे वा सायंकाळचे तिरपे ऊन उत्तम. अक्षरांच्या खाचांत सावली पडते व ती उठून दिसतात. भर दुपारी तोच लेख सपाट भासतो. अक्षरे ठळक व्हावीत म्हणून त्यांत खडू, पीठ किंवा रंग भरू नये. (ही चूक मुलांपेक्षा हौशी मोठी माणसेच अधिक करितात.) गड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. साधे छायाचित्र घेण्यास हरकत नाही. तिपाई व ड्रोन यांस पूर्वपरवानगी लागते. स्मारकास इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मुलांस आधीच सांगावे. पावसाळ्यात धुके, निसरड्या पायऱ्या व गर्दी असते. सहल हिवाळ्यात न्यावी.

परतल्यावर हेच काम गावात करावे. हिंजवडीच्या वाढीबरोबर या पट्ट्यातील जुनी घरे झपाट्याने पडत आहेत. जाते अंगणात उलटे पडते, मोटेचे सामान व तांब्याचा हंडा भंगारात जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरगुती वस्तूच मुख्यत्वे आहेत. दिनकर केळकरांनी त्या दारोदार फिरून मिळविल्या. शाळेस वस्तू जमविणे नेहमी शक्य नसते, चित्र व नोंद मात्र शक्य असते. घरातील वडीलधाऱ्यांची संमती घेऊनच चित्र काढावे, आणि वस्तूचे गावातील नाव आजीस विचारून तिच्याच शब्दांत लिहावे.

प्रत्येक चित्रामागे चिकटविण्याच्या चिठ्ठीचा नमुना असा : वस्तूचे नाव, ठिकाण, लांबी-रुंदी, कशाची केलेली, मूळ जागी आहे की हलविलेली, दुरुस्त केलेला भाग, माहिती कोणी दिली, चित्राचा दिनांक व वेळ, विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता.