पारिजातकाची लागवड व निगा

माघ-फाल्गुनापासून पारिजातकाचीं पानें गळूं लागतात व वैशाखापर्यंत झाड बहुतेक उघडें पडतें. त्या वेळीं त्याकडे पाहिलें असतां करड्या, चौकोनी काड्यांचा भारा उभा करून ठेवला आहे असाच भास होतो. नेमक्या याच दिवसांत आपल्या भातकरी मुलुखांत राब भाजण्यासाठीं पालापाचोळ्याची व काटक्याकुटक्यांची जमवाजमव चालते. मग "वाळलें आहे, राबाला होईल" असें म्हणून चांगलें आठ-दहा वर्षांचें झाड कोयत्याखालीं जातें. अशीं गेलेलीं झाडें वज्रेश्वरीच्या आसपास आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिलीं आहेत. म्हणून लागवडीच्या आधीं तोडणीविषयींच लिहिणें भाग पडतें. झाडाच्या जिवंतपणाविषयीं शंका आल्यास नखानें साल खरवडून पाहावी. आंत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे. शेंडा वाळका निघाल्यास खालीं खालीं पाहत यावें. कोठेंच हिरवेपणा आढळला नाहीं तरीही मृगाचे चार पाऊस होईपर्यंत धीर धरावा. बुडख्यांतून फुटवा येण्याचा संभव असतो.

उन्हाळ्यांतील पानगळ हा या झाडाचा स्वभाव आहे. श्रावणांतील पानगळ हा रोग होय. आमच्याकडे लोक नेमकें उलट समजतात. वैशाखांत घाबरून बुडाशीं घागरीवर घागरी ओततात, आणि श्रावणांत पानें पिवळीं पडून गळूं लागलीं म्हणजे "पावसानें धुतलें" म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः त्या वेळीं मुळें पाण्यांत कुजत असतात. पारिजातक मूळचा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य हिंदुस्थानांतून गोदावरीकडे पसरलेल्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचा रहिवासी आहे. त्याला ऊन सोसतें, दगडगोटे सोसतात, परंतु तुंबलेलें पाणी सोसत नाहीं. ठाणे जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सुमारें अडीच हजार मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडतो. तेव्हां येथें या झाडाचें मरणजगणें खतावर नसून निचऱ्यावर आहे.

यावरून जागेचा निर्णय आपोआप होतो. भाताच्या खाचरांत किंवा खाचराच्या बांधाच्या पोटाशीं पारिजातक लावूं नये. तानसेच्या कांठची खोल, चिकण जमीनही त्याच्या कामाची नाहीं. ज्या टेकाडावर चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या वसईविजयानंतर वज्रेश्वरीचें देऊळ बांधविलें, तशा टेकाडांच्या उतारावरची मुरमाड वरकस जमीन त्यास मानवते. सातबाऱ्यावर 'वरकस' हा शब्द वाचून नाक मुरडणाऱ्या खातेदारांस हें ऐकून आनंद व्हावा! घराजवळ लावावयाचें झाल्यास पागोळ्यांचें पाणी जेथें पडतें ती जागा टाळावी. आंब्या-फणसाच्या सावलींतही लावूं नये. तेथें झाड उंच व किडकिडीत होतें आणि फुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं येतात. अर्धा दिवस तरी ऊन मिळालें पाहिजे.

खड्डा वैशाखांत दोन फूट लांब, तितकाच रुंद व खोल खणून तापूं द्यावा. भरतांना निघालेली माती व तिच्या एक-तृतीयांश चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें, आणि भरणी भोवतालच्या जमिनीहून वीतभर उंच करावी. हा उंचवटा अत्यंत महत्त्वाचा आहे. भुसभुशीत भरलेला खड्डा सपाट ठेवला तर पावसाळ्यांत त्याचें डबकें होतें. उताराच्या वरच्या अंगास अर्धचंद्राकृति चर काढून येणारें पाणी बाजूला वळवावें. एकाहून अधिक झाडें असल्यास दोहोंत दहा फूट अंतर ठेवावें.

रोपें बियांचीं करावीं हें उत्तम. फळ चपटें, गोलसर, टोकाशीं किंचित् हृदयाकृति असून पिकल्यावर तपकिरी होतें. त्यांत दोन कप्पे व प्रत्येकांत एक बी. फळ फोडून ताजें बी पिशव्यांत लावावें. तीं एकदम उगवत नाहींत, आज एक तर पंधरवड्यानें दुसरें असें चालतें. पिशवी लवकर उपडी करूं नये. पावसाच्या आरंभीं पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर लांब काड्या लावूनही रोपें होतात, पण कांहीं फुकट जातात. म्हणून हव्या असतील त्याच्या दुप्पट लावाव्या. पहिले दोन उन्हाळे आठवड्यास एकदां पाणी द्यावें. पुढें झाडाची फारशी मागणी नाहीं.

छाटणीविषयीं एकच नियम. फुलें नव्या फुटव्याच्या शेंड्याकडे येतात, म्हणून फळें वाळल्यानंतर व पावसापूर्वीं वरचा एक-तृतीयांश भाग कापावा. आषाढ-श्रावणांत कोयती लावली तर त्या वर्षाचीं फुलेंच कापलीं जातात. केसाळ अळ्या कधीं कधीं पानांवर पडतात. उघड्या हातानें वेचूं नयेत, अंगास खाज सुटते.

आतां उत्पन्नाचा प्रश्न. पारिजातकावर पैसे मिळत नाहींत हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. मोगरा कळीवर तोडून मुंबईस पाठवितां येतो. पारिजातक सायंकाळीं उमलतो, पहांटे गळतो आणि उन्हें चढण्याच्या आंत कोमेजतो. म्हणून याचा मळा करूं नये; दाराशीं एक-दोन झाडें पुरेत. जमिनीवर पडलेलें फूल देवास वाहूं नये असा सामान्य संकेत असतांही पारिजातकास त्यांतून सूट आहे. पारिजातकाच्या लाखोलीचा नेम धरणाऱ्या बायकांस शेजारचें एक भरघोस झाड म्हणजे केवढा आधार असतो, हें ज्यांच्या घरीं तो नेम झाला आहे त्यांस ठाऊक आहे. झाडाखालची जागा सारवून ठेवावी किंवा रात्रीं स्वच्छ धोतर अंथरावें; वेचण्याचा अर्धा त्रास वांचतो.

शेंदरी देठ वेगळे करून सावलींत वाळवून ठेवतां येतात. कोमट पाण्यांत त्यांचा सुरेख केशरी रंग उतरतो, व तो केशरांतील रंगद्रव्याच्या जातीचाच आहे. पूर्वीं रेशीम यांत रंगवीत. मात्र हा रंग उन्हानें व धुण्यानें लवकर विटतो.

नांवाविषयीं थोडें. १५६३ त गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें यास 'दुःखी झाड' म्हटलें, आणि तोच अर्थ १७५३ त लिनियसनें दिलेल्या शास्त्रीय नांवांत उतरला. उत्तरेकडे बाराबंकी जिल्ह्यांत किंतूर येथें ज्यास पारिजात म्हणून पूजितात, तो वृक्ष मात्र गोरखचिंचेचा आहे. तेव्हां बाहेरून रोप मागवितांना नुसत्या नांवावर भिस्त ठेवूं नये. पान चोळून पाहावें. खऱ्या पारिजातकाचें पान इतकें खरखरीत असतें कीं त्यानें लांकूड घासून गुळगुळीत करतात.

या पानांचा काढा तापावर व गृध्रसीवर देण्याची चाल जुनी आहे. परंतु पावसाळ्यांत हिंवतापाचा किंवा डेंग्यूचा संशय असल्यास आधीं रक्त तपासून घ्यावें, आणि काढ्यावर विसंबून दिवस घालवूं नयेत.