मेंदूच्या लहरी आणि मनातील गोष्ट



माणूस विचार करतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते, हे बाहेरून मोजता येते काय? हा प्रश्न शास्त्राचा तर आहेच, पण तो आपल्या हक्काचाही आहे. म्हणून आम्ही तो आपणापुढे मांडीत आहोत.

मेंदूतील पेशींचे काम सूक्ष्म विद्युत्‌संदेशांवर चालते. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या या लहरींची प्रथम नोंद केली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. आज डोक्याच्या त्वचेवर ठिकठिकाणी इलेक्ट्रोड लावून हा आलेख काढतात. फिट येणाऱ्या रुग्णांच्या तपासणीतला ईईजी तो हाच. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. ही लहर व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते.

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला ८ ते १३ लहरी दिसतात. त्यांना अल्फा म्हणतात. त्याने डोळे उघडले, किंवा शंभरातून सात-सात वजा करू लागला, की अल्फा मंदावतात. गाढ झोपेत सेकंदाला ४ हूनही कमी, संथ डेल्टा लहरी येतात. येथे एक मर्म ध्यानात ठेवावे. यंत्र दोन अवस्थांमधील फरक दाखवते. वजाबाकी करताना फरक पडला हे ते सांगेल. उत्तर ९३ आले की ९२, हे सांगणार नाही.

याचा विसर पडला तर काय होते? २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली. तेथे इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या अशाच चाचणीचा आधार घेतला गेला. या चाचणीत आरोपीला इलेक्ट्रोडची टोपी घालून वाक्ये ऐकवितात. त्याने उत्तर द्यायचे नसते. लहरींवरून त्याला त्या घटनेचा ‘प्रत्यक्ष अनुभव’ आहे, असा निष्कर्ष काढतात. परंतु त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचे मत दिले.

पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. आधार होता संविधानातील अनुच्छेद २०(३) व २१ यांचा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे अनुच्छेद २०(३) सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेले संविधान असे मनाच्या दारापाशीही पहारा देते.

केडगावातील आपल्या मुलामुलींपैकी कोणी विज्ञानाकडे जाईल, कोणी कायद्याकडे. यंत्राने काय मोजले आणि माणसाने त्यावरून काय ठरविले, हे दोन्ही वेगवेगळे तपासण्याची सवय त्यांनी आतापासूनच लावून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.