सारस ओळखा, पण दुरून!

महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया जिल्ह्याची वाट धरावी लागते. तेथील तलाव आणि धानाच्या बांध्या हे त्याचे घर. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातील सारसांची संख्या पन्नासच्या आतच भरली आहे. समजा, ४० सारस आहेत आणि आपण चार बगळ्यांना सारस समजलो, तर एकदम १० टक्के चूक झाली! म्हणून अचूक ओळख महत्त्वाची.

खुणा कोणत्या?

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. अंग राखी, डोके व मानेचा वरचा भाग लाल, टाळू राखाडी, पाय तांबूस. पिलाच्या डोक्यावर मात्र बदामी पिसे असतात. राखी बगळा उंचीने बराच कमी. त्याला काळी शेंडी असते, लाल डोके नसते. उडताना बगळा मान दुमडून घेतो, सारस ती सरळ पुढे ताणतो. मुग्धबलाकही मान ताणूनच उडतो. पण तो लहान असतो आणि त्याच्या चोचीत फट दिसते.

पट्टीने अंतर मोजा

पट्टी डोळ्यापासून ६० सें.मी. अंतरावर उभी धरा. मान उंच करून उभा असलेला सारस पट्टीवर किती दिसतो ते वाचा. त्याची उंची सुमारे १६० सें.मी. धरू. समरूप त्रिकोणांच्या नियमाने,

अंतर = (१६० × ६०) ÷ पट्टीवरील उंची

सारस ६ मि.मी. दिसला, तर अंतर १६,००० सें.मी., म्हणजे १६० मीटर. वाचनात एका मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तर १३७ किंवा १९२ मीटर येईल. तेव्हा तीन वाचने घेऊन सरासरी काढा.

जवळ का जायचे नाही?

पावसाळ्यात सारसाची जोडी पाणथळीत किंवा धानाच्या बांधीतच घरटे करते. अंडी बहुधा दोनच. ती सुमारे महिनाभर उबवावी लागतात. माणूस जवळ आला की जोडी घरट्यावरून उठते आणि उघड्या अंड्यांवर कावळे व कुत्री टपलेली असतात. सारसाने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, तर तेथूनच मागे फिरा. घरट्याची जागा गावभर सांगू नका. बांधीत उतरण्याआधी शेतकरीदादांना विचारा; सारस कोठे येतो हे त्यांनाच अधिक ठाऊक असते.

मोजणी कशी होते?

सकाळी एका तलावावर दिसलेली जोडी दुपारी दुसरीकडे दिसू शकते. तीच जोडी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी, पहाटे मोजणी करतात. तुम्हीही वहीत तारीख, वेळ, ठिकाण, संख्या व अंतर लिहा. खात्री नसेल तेथे ‘अनिश्चित’ लिहा. तीही शास्त्रीय नोंदच आहे.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर मित्राला दूर उभे करा. त्याची उंची वापरून अंतर काढा, मग टेपने पडताळा.

२. सारस पट्टीवर १२ मि.मी. दिसला, तर तो किती दूर आहे?