मधली अक्षरं आधी वाच

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि तेव्हापासून तुझी पेटीच डोळ्यांपुढे आहे. निंबर्ग्याच्या देवळात भजनाला उभं राहून वाजवायची, सोळा पट्ट्यांची, वायर नसलेली पेटी. आणि सूर निघणार कोपऱ्यातल्या जुन्या कीबोर्डमधून. हे तू स्वतःच्या हातानं करायला घेतलंस याचा मला फार आनंद आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट बसून लिहिते.

तू विचारलंस, "अक्का, ७४एलएस१४, ७४एचसी१४, ७४एचसीटी१४, दुकानदार म्हणतो सगळे एकच, मग कुठला घेऊ?" दुकानदार अर्धं खरं बोलतो. शेवटचा आकडा आयसीचं काम सांगतो: १४ म्हणजे आत सहा इन्व्हर्टर. पायांची मांडणीही तिघांची तीच. पण मधली अक्षरं त्याचा स्वभाव सांगतात. किती व्होल्टवर जगतो, किती करंट खातो आणि किती व्होल्टला 'एक' मानतो, हे सगळं त्या दोन-तीन अक्षरांत आहे.

मी डिप्लोमाला असताना हीच चूक केली होती. रिसीव्हरचा मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा, पुढे ५ व्होल्टवर ७४एचसी१४. खोलीत महिनाभर सुरेख वाजलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुसरा अडॅप्टर लावला आणि एक सूर अडकला, तो थांबेचना. समोर माणसं बसलेली होती. ती पाच मिनिटं मी अजून विसरलेले नाही. कारण नंतर कळलं. एचसी आपल्या सप्लायच्या साधारण ७० टक्के व्होल्टेज मिळालं तरच खात्रीनं 'एक' मानतो. ५ व्होल्टवर ते होतात ३.५, आणि माझ्याकडे होते ३.३. तोवर चाललं ते नशिबानं. नवा अडॅप्टर जरा जास्त व्होल्ट देणारा निघाला, उंबरा वर सरकला आणि 'सूर थांबव' हा निरोप वाटेत बिघडला.

एचसीटीचं तसं नाही. तो ५ व्होल्टवर चालतो, पण २ व्होल्टच्या आसपासच 'एक' ओळखतो. म्हणून रिसीव्हरमध्ये, जिथं ३.३ मधून ५ मध्ये जायचं आहे तिथं, ७४एचसीटी१४च घे. एलएसही तिथं चालेल, पण तो विनाकारण करंट खातो आणि ३.३ व्होल्टवर तर त्याला लावताच येत नाही.

पेटीच्या बाजूला मात्र उलट. तिथं सगळंच बॅटरीवर, ३.३ व्होल्टवर आहे. उंबरा ओलांडायचा प्रश्नच नाही. सोळा पट्ट्या वाचायला दोन ७४एचसी१६५ घे. एचसी २ ते ६ व्होल्टवर चालतो आणि स्वस्थ बसलेला असताना करंट जवळजवळ घेतच नाही. प्रत्येक पट्टीला १० किलोओहमचा रेझिस्टर वरच्या सप्लायला जोड, म्हणजे पट्टी सोडल्यावर पाय अधांतरी राहणार नाही.

अधांतरी पाय ही गोष्ट मनावर घे. एचसी आणि एचसीटीचा मोकळा इनपुट हवेतला गोंधळ उचलतो, आयसी तापतो, सूर चुकतात. एचसीटी१४ मधले दोनच इन्व्हर्टर तुला लागतील, एकापुढे एक, म्हणजे उलटलेला सिग्नल पुन्हा सुलटा होईल. पाय १ मध्ये सिग्नल, २ आणि ३ जोडलेले, ४ मधून बाहेर. मग ५, ९, ११ आणि १३ हे चारही ग्राउंडला टाक. १६५ च्या साखळीत टोकाला जो आयसी येईल त्याचा पाय १० सुद्धा. आणि प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायांशी अगदी लगत १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर लाव.

वेगाची काळजी करू नकोस. कीबोर्डला सुरांचे निरोप ज्या भाषेत जातात ते मिडी १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट्सनंच चालत आलं आहे. एक बाइट ३२० मायक्रोसेकंदांत जातो, एका सुराचा तीन बाइटचा निरोप जेमतेम एका मिलिसेकंदात. आयसीला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजायचा. कोणी "७४एसी घे, फास्ट आहे" म्हणालं तर घेऊ नकोस. त्याच्या तीक्ष्ण कडा ब्रेडबोर्डवर नुसता त्रास देतात.

आता बिनतारी भागाबद्दल. स्वस्तातल्या ४३३ मेगाहर्ट्झच्या जोडीला मिडीचा हा वेग थेट झेपत नाही. एनआरएफ२४एल०१ घे, तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि त्या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणाला आपल्याकडे परवाना लागत नाही. पण त्याचा सप्लाय ३.६ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि त्याच्या सप्लायवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नक्की लाव. हवेत एखादा निरोप हरवणारच. म्हणून 'पट्टी दाबली', 'पट्टी सोडली' असे सुटे निरोप पाठवू नकोस. सोळाही पट्ट्यांची स्थिती पुन्हा पुन्हा पाठव. ती दोनच बाइटमध्ये मावते. एक निरोप हुकला तरी पुढचा चूक सुधारतो आणि सूर अडकत नाही.

कीबोर्डकडे जाणाऱ्या पाच पायांच्या सॉकेटमध्ये पाय ४ ला ५ व्होल्ट, पाय ५ ला आयसीचा सिग्नल, दोन्हीकडे २२० ओहमचे रेझिस्टर, पाय २ ग्राउंड. एवढ्यानं वायरमधून सुमारे ५ मिलिअँपिअर वाहतो, मिडीला तेवढाच हवा.

हैदराबादला कोणी निघालं असेल तर कोठीच्या गुजराती गल्लीतून सामान मागव. चिठ्ठीवर पूर्ण नंबर लिही, शेवटचं 'एन' सुद्धा. बहुतेक कंपन्यांत 'एन' म्हणजे ब्रेडबोर्डवर बसणारा लांब पायांचा आयसी. प्रत्येकी दोन मागव, सोबत आयसी बेस. जळला तर आळंदला किंवा कलबुर्गीला मिळेलच या भरवशावर राहू नकोस. पार्सल हातात आलं की अंगावरची अक्षरं उजेडात वाचून घे. एचसीटी मागितला आणि एचसी आला तर दिसायला काही फरक नसतो, वाजायलाही पहिल्या दिवशी नसतो.

बाळा, 'चालतंय ना' हा निकष घरातल्या टेबलापुरता ठीक. भजनात चार माणसं तुझ्या सुरावर सूर लावून गाणार आहेत. त्यांच्यासाठी सर्किट खात्रीचं हवं. म्हणून आज वहीत प्रत्येक आयसीपुढे दोन आकडे लिही: त्याचा सप्लाय किती, आणि तो किती व्होल्टला 'एक' मानतो. ते जुळले की मगच पैसे खर्च कर.